चौथ्या बटणाखालचा बँड

४ फेब्रुवारी

ताई,

अर्धा नमस्कार. अर्धा अशासाठी की डावा हात छातीपर्यंत येतो, उजवा पोटापाशीच थांबतो आणि दोघांची गाठ पडत नाही.

तू सांगितलंस म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बँड मला दिवसेंदिवस बारीक ऐकू येतोय याचं खापर आपण दोघांनी माझ्या कानांवर फोडलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, फोनवर बोलण्याइतके तुमचे कान राहिलेले नाहीत हे खरं, पण समोर बँड वाजत असेल तर तो ऐकू यायलाच पाहिजे. म्हणजे बँडच वाजत नसावा.

हे मी तालमीत हसत हसत सांगितलं. कोणी हसलं नाही. शेवटी आमचा क्लॅरिनेटवाला उभा राहिला. तो यंदा निवृत्त होणार, त्यामुळे आता कोणालाच भीत नाही. म्हणाला, "मास्तर, बँड तुमच्या हाताकडे बघून वाजतो. तुमचा हातच वर येत नाही."

ताई, अगदी खरं आहे. मीच त्यांना तसं घडवलंय. माझा हात कमरेशी असला की कुजबुजायचं, छातीशी आला की बोलायचं आणि डोक्यावर गेला की गावाला आग लागल्यासारखं वाजवायचं. अग्निशमन दलाच्या बँडला ते शोभतंही. पण थंडी सुरू झाल्यापासून माझा उजवा खांदा आखडलाय. हात गणवेशाच्या चौथ्या बटणाच्या वर जात नाही. त्यामुळे इतके महिने अख्खा बँड चौथ्या बटणाच्या खाली वाजतोय. मागे बागेत आमचा कार्यक्रम संपल्यावर पुढच्याच बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं होतं, "सुरू कधी करणार?" मला वाटलं, बिचाऱ्यांचे कान गेले.

डावा हात वापर, असं म्हणशील. डावा हात वर म्हणजे थांबा, हेही मीच शिकवलंय. काल करून पाहिलं, सगळे थांबले. "हाताकडे बघू नका, आपले मोठ्यानं वाजवा," असंही सांगून पाहिलं. तर प्रत्येकाचं मोठ्यानं वेगळं निघालं आणि ट्रॉम्बोनवाल्यांची आपसात जुंपली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण एप्रिलअखेर आमच्या नव्या केंद्राचं उद्घाटन आहे आणि मोठ्या साहेबांनी लेखी कळवलंय की शेवटच्या रांगेत बँड ऐकू आला नाही तर बँड बंद. तालमीची खोली ओले पाइप वाळत घालायला घेणार आणि वादकांना कार्यालयात शिक्के मारायला बसवणार. उभा जन्म ट्रंपेट फुंकलेल्या माणसानं शिक्के मारायचे, ताई!

खांद्यासाठी फिजिओथेरपी सांगितली आहे. दारापर्यंत जाऊन आलो. आत कोणी बाई "आई गं" करून अशा किंचाळल्या की मी आल्या पावली परत फिरलो. काय करू ते सांग.

तुझा
ठोंब्या

१० फेब्रुवारी

ठोंब्या,

आगीच्या बंबावर बसून केस पांढरे केलेस आणि घाबरलास कशाला, तर स्वतःच्या खांद्याला. बंबावर बसून तू फक्त ढोल सांभाळत होतास हे मला ठाऊक आहे, पण लोकांना काय सांगायचं?

जरा माझ्या गुडघ्याकडे बघ. गेल्या वर्षी तो तुझ्या खांद्याचा बाप होता. मी काय घरात बसून राहिले? मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता फिजिओथेरपीला जाते. 'दुखणं म्हणजे मोडणं नव्हे' हे आमच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलंय. काय सुंदर वाक्य आहे! आता मी जिने शाळकरी पोरीसारखी उतरते. काकडी एका पायावर उभी राहून चिरते. परवा डोळे मिटून चिरली.

तेव्हा नाटकं पुरे. उद्या सकाळी उठायचं, तोंड धुवायचं आणि जायचं. शाळेत मी भल्याभल्यांना सरळ केलंय, तू कोण लागून गेलास? उद्घाटनाला मी स्वतः येणार आहे आणि मुद्दाम शेवटच्या रांगेत बसणार आहे.

तुझी
ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून धीर आला आणि मार्गही सुचला. फिजिओथेरपी सुरू झाली आहे. फक्त मी जात नाही.

आमच्या मोठ्या ढोलवाल्याला तू पाहिलं आहेस. सगळे त्याला गडगड्या म्हणतात. भीती कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. दाढ काढताना त्याला झोप लागली होती. त्याला मी माझ्या नावानं पाठवतो. तो तिथे सगळं करून घेतो आणि संध्याकाळी येऊन मला समजावून सांगतो. मी खुर्चीत बसून लक्षपूर्वक ऐकतो. दोरी कुठून ओढायची, काठी कशी धरायची, सगळं मला आता तोंडपाठ आहे.

पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "दुखलं का रे?" म्हणाला, "छे, मजा आली!" तेव्हापासून माझी भीती निम्म्यानं कमी झाली. हात अजून चौथ्या बटणालाच आहे, पण मन तिसऱ्याला पोचलंय.

तुझी काकडीची गोष्ट मी सगळ्या बँडला वाचून दाखवली.

तुझा
ठोंब्या

२ मार्च

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. माझा हात कपाळापर्यंत जातो. दुसऱ्याला उपाशी ठेवून आपलं वजन उतरतं का रे? दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे बरेच पाहिले, पण दुसऱ्याच्या खांद्याला आपलं दुखणं लावणारा तूच पहिला.

बँडला माझी पत्रं वाचून दाखवू नकोस.

आता एवढं केलंच आहेस तर त्या गडगड्याला नीट विचारून मला कळव. आत गेल्यावर आधी काय करतात? पलंगावर झोपवतात का? पडदे असतात की चारचौघांसमोरच चालतं? आणि कोणी ओरडलं तर बाकीचे बघतात का? मला सगळं माहीत आहेच. पण तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल, म्हणून विचारते.

इकडे मी मजेत. घरात इतकी कामं असतात की खाली जायला सवडच होत नाही. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून सोडते. खालचा बेकरीवाला त्यात पाव ठेवतो, भाजी ठेवतो, पत्रंही तोच पेटीत टाकतो. कशाला हवी ती उतरचढ?

तुझी
ताई

२० मार्च

ताई,

आगीतून निघून फुफाट्यात पडलो आहे.

गडगड्या बरा झाला! त्याला काही झालंच नव्हतं, तरी तो बरा झाला. आता त्याचा खांदा असा सुटला आहे की पहिल्याच ठोक्याला ढोल फाटला. बाकीचा बँड चौथ्या बटणाखाली कुजबुजतोय आणि मधेच धडाम! ट्रंपेटवाल्याला उचकी लागली, ती दुसऱ्या दिवशी गेली.

फिजिओथेरपीच्या बाईंनी माझ्या नावानं दाखला लिहून थेट दलाकडे पाठवला. 'यांचा खांदा तरुणाला लाजवील.' साहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि खूश होऊन माझा उजवा हात धरून असा हलवला की मला भरदिवसा तारे दिसले. मी हसत उभा राहिलो. हसतोय बघून साहेबांनी उद्घाटनाच्या दिवशी शिडीवर चढून झेंडा फडकवायलाही माझंच नाव घातलं.

आता खरोखर जायचं म्हटलं तरी जाता येईना, कारण कागदोपत्री मी ठणठणीत. आणि तेवढ्यात बाईच तालमीला आल्या. आपला सगळ्यात लवकर सुधारलेला रुग्ण बँड कसा चालवतो ते बघायला. त्यांनी गडगड्याला ढोलामागे पाहिलं, मला छडी घेऊन उभा पाहिलं आणि एका रिकाम्या पेटीवर बसल्या. तालीम संपेपर्यंत बसून होत्या. मग जवळ आल्या.

"खांदा कोणाचा दुखतो?"

"माझा."

"मग उद्या तो घेऊन या."

एवढंच बोलल्या. दाखला रद्द केल्याचं त्यांनी साहेबांना स्वतःच सांगितलं, सगळी चूक आपल्या अंगावर घेऊन. शिडी गेली. पण शेवटच्या रांगेची अट तशीच आहे. मला फार लाज वाटली, ताई. उद्या जातोय.

तू विचारलंस ते सांगतो. पडदे असतात, पण आवाज पडद्यातून जातो.

तुझा
ठोंब्या

२८ मार्च

ठोंब्या,

गेलास का? नीट सविस्तर लिही. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, सगळं. अभ्यास म्हणून विचारते आहे.

एक राहिलंच. उद्घाटनाला मला यायला जमेल असं दिसत नाही. आमच्या जिन्याला रंग देताहेत. ओल्या रंगावरून कसं उतरणार? वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी
ताई

१२ एप्रिल

ताई,

जातो आहे. रोज जातो आहे. बाई आधी नुसतंच बोलल्या. म्हणाल्या, खांदा आखडला तेव्हा दुखलं, दुखेल म्हणून तुम्ही तो हलवला नाही, हलवला नाही म्हणून आणखी आखडला. आता तो इतका घाबरलाय की हात लावायच्या आधीच ओरडतो. त्याला रोज थोडं थोडं पटवायचं की बाबा रे, दुखतंय, पण तुटत नाहीये. तुझ्या पुस्तिकेतलंच वाक्य. म्हटलं, माझी बहीण हेच सांगते, ती एका पायावर काकडी चिरते. बाई म्हणाल्या, त्यांना जरा जपून राहायला सांगा.

छताला एक चाक आहे, त्यावरून दोरी. डाव्या हातानं ओढायची की उजवा वर जातो. मग भिंतीवर बोटांनी चालत वर जायचं. दुखतं, ताई. गडगड्या खोटं बोलला. मजा अजिबात येत नाही.

पण मला एक गोष्ट कळली. मी दुखण्याला भीत नव्हतो, ओरडण्याला भीत होतो. वेदना आली की मी दात असे आवळतो की खांदाही आवळून बसतो आणि हात तिथेच अडतो. बाई म्हणतात, "ओरडा की, इथे सगळे ओरडतात." शेजारच्या पडद्याआड पोस्टातल्या एक बाई येतात. पहिल्या दिवशी मला पळवून लावणाऱ्या त्याच. त्या मनसोक्त किंचाळतात आणि त्यांचा हात कानाला लागतो. मला नाही जमत. इतकी वर्षं मी त्या माणसांसमोर ताठ उभा राहिलो. मास्तरच्या तोंडून "आई गं" निघालं तर उद्या माझ्या हाताकडे कोण बघेल?

सध्या तिसऱ्या बटणाला आहे. शेवटच्या रांगेसाठी निदान गळपट्टीपर्यंत यायला हवं. दिवस थोडे उरलेत. झोप लागत नाही.

तुझा
ठोंब्या

१६ एप्रिल

ठोंब्या,

बाईंना काय जातंय सांगायला! आपल्या घरात कोणी कधी ओरडलं आहे का? बाबा दात काढून घेऊन आले ते वर्तमानपत्र वाचत. आई पाय मोडला तेव्हा डॉक्टरांना "तुम्ही दमला असाल" म्हणाली. तू लहानपणी सायकलवरून पडलास तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं? लोक बघताहेत, ऊठ.

मी बरोबर सांगितलं होतं की चूक, याचा गेले काही दिवस विचार करते आहे.

बँड वाचव रे. कसाही वाचव.

तुझी
ताई

३० एप्रिल

ताई,

वाचला!

पहिल्यापासून सांगतो. मांडव खच्चून भरला होता. साहेब पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत. शेवटच्या रांगेत तुझ्यासाठी म्हणून एक खुर्ची राखून ठेवली होती. रंग वाळला तर येशील, म्हणून.

पहिली धून तिसऱ्या बटणाला झाली. साहेबांची भुवई चढली. दुसरी धून दुसऱ्या बटणाला, घामाघूम होऊन. तरी शेवटच्या रांगेतले लोक आपसात गप्पा मारत होते. एक गृहस्थ तर छत्री दुरुस्त करत बसले होते. साहेबांनी कारकुनाच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यानं मान हलवली. मला ओल्या पाइपांचा वास यायला लागला.

शेवटची धून. समोर सगळे माझ्या हाताकडे डोळे लावून. क्लॅरिनेटवाल्याचं तर हे शेवटचंच वाजवणं. ताई, मला त्यांची दया आली. मी हात उचलला, नेहमीच्या जागी कळ आली आणि मी दात आवळणार, तेवढ्यात मनात आलं, जाऊ दे, आज काय व्हायचं ते होऊ दे. मी तोंड उघडलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

आणि हात सुटला. दुसरं बटण गेलं, पहिलं गेलं, हनुवटी गेली. हातामागून बँड चढला. ढोल, ट्रंपेट, सगळे एकदम! डोक्यावर नाही पोचलो, कानाशी अडलो. पण कान म्हणजे आमच्याकडे शेजारच्या गल्लीला आग. मी "आई गं", "मेलो गं" करत होतो आणि ताई, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता! माणूस बँडसमोर उभा असेल तर त्यानं कितीही ओरडावं. एवढी वर्षं मी जगातल्या सगळ्यात सुरक्षित जागी उभा होतो आणि तोंड मिटून होतो. अख्खी धून मी ओरडत चालवली.

छत्रीवाले उठून उभे राहिले. ड्यूटीवरच्या जवानांना वाटलं, खरीच आगीची वर्दी आली. दोन बंब घंटा वाजवत बाहेर पडले ते नदीपर्यंत जाऊन आग शोधून आले. साहेब आधी भडकले, मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून साहेबांनीही वाजवल्या. बँड राहिला. पाइप गच्चीवर वाळतील.

माझं ओरडणं फक्त पुढच्या ओळीतल्या वादकांनी पाहिलं. क्लॅरिनेटवाल्यानं नंतर माझा डावा हात हातात घेतला आणि रडला. उद्या हाताकडे कोण बघेल म्हणत होतो ना मी? आता अधिक बघतात.

खांदा बरा झालेला नाही. वेळ लागेल, बाई म्हणतात. पण आता व्यायाम तालमीच्या खोलीत करतो, बँड मोठ्यानं वाजत असताना. पोस्टातल्या बाईही तिथेच येतात.

तुझी खुर्ची रिकामी राहिली. ताई, आमच्या दलाच्या इमारतींना मी जन्मभर रंग लागताना पाहिलाय. महिनाभर ओला राहणारा रंग अजून निघालेला नाही. काय झालंय, खरं सांग.

तुझा
ठोंब्या

६ मे

ठोंब्या,

रंग वगैरे काही नाही.

हे गेल्यापासून मी खाली उतरलेले नाही. ते होते तेव्हा प्रत्येक पायरीला हात द्यायचे आणि उगाच काहीतरी बोलत राहायचे, म्हणजे माझं कण्हणं कोणाला ऐकू जाऊ नये. फिजिओथेरपीला मी एकदाच गेले, त्यांच्याबरोबरच. बाहेरच्या बाकावर बसले, आतून कोणीतरी ओरडलं आणि मी त्यांना म्हटलं, चला घरी. पुस्तिका तिथल्या शिपायानं हातात कोंबली. ती मात्र रोज वाचते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

काकडी मी बसून चिरते.

गंमत म्हणजे तुला पत्रात रागावताना मला खरंच वाटायचं की मी जाते आहे. आता घर म्हणजे तीन खोल्या आणि एक खिडकी. मला भीती वाटते रे. गुडघ्याची वाटते, आणि इथेच या खिडकीशी संपून जाईन याची जास्त वाटते.

तू येऊ नकोस. आलास तर मला रडू येईल आणि शेजारी ऐकतील.

तुझी
ताई

९ मे

ताई,

रविवारी सकाळी येतोय. साहेबांनी जुना बंब दिलाय. बँड बरोबर आहे, बाईही आहेत. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगून ठेव, किंवा नको सांगूस. ऐकू येईलच.

ठोंब्या

२३ मे

ठोंब्या,

तू परत गेल्यापासून रोज लिहीन म्हणते, पण कशानं सुरुवात करावी कळेना. तुझ्या बाईंनी माझा गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, झिजलाय, पण चालायला पुरेसा आहे, वाळली आहे ती मांडी, बसून बसून. मला कोणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

जिन्यात तुमची वरात कशी मावली देव जाणे. ढोल दुसऱ्या मजल्यावर अडकला तो सोडवायला दोन बिऱ्हाडांची दारं उघडावी लागली. तुझा हात वर गेला, सगळे वाजायला लागले आणि बाईंनी मला पहिली पायरी दाखवली. ठोंब्या, मी किती ओरडले ते तुला ऐकू आलं नाही, पण मला आत कुठेतरी ऐकू आलं. गुडघ्यासाठी ओरडले, मग यांच्यासाठी ओरडले. ते गेले तेव्हा ओरडायचं राहून गेलं होतं. लोक बघत होते ना.

मधल्या काळात घरातले व्यायाम केले, बाईंनी दाखवले तसे. कंटाळवाणे आहेत. काकडी अजून बसूनच.

हे पत्र खालच्या बेकरीत बसून लिहिते आहे. बेकरीवाल्याला मी आवाजावरून ओळखत होते, तो इतका उंच असेल असं वाटलं नव्हतं. आज बँड नव्हता, तू नव्हतास, कोणीच नव्हतं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक पायरीला व्यवस्थित ओरडत होते. दुसऱ्या मजल्यावरचे वकील हातातला चहा घेऊन धावत बाहेर आले. पांढरेफटक पडले होते बिचारे.

"अहो बाई, काय झालं? काय झालं?"

"काही नाही," म्हटलं, "खाली चालले आहे."

तुझी
ताई